शंकेचा वेळ

गेम लोकांपर्यंत पोचतो कसा, हा निशिकांत धर्माळेच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. गेम लिहिणारे, त्यातली चित्रं काढणारे, संगीत देणारे लोक वेगळे. त्यांचं काम संपलं की निशिकांतचं सुरू व्हायचं. रोज हजारोंनी नवे गेम येत असताना परभणीच्या एखाद्या बाईने किंवा पनवेलच्या एखाद्या रिक्षावाल्याने नेमका आपलाच गेम फोनमध्ये का घ्यावा, आणि घेतलाच तर आठ दिवसांनी तो काढून का टाकू नये, याची उत्तरं शोधण्यात त्याची नागपुरातल्या कंपनीत अकरा वर्षं गेली होती.

दोन हजार पस्तीसपर्यंत जाहिरातींत काही दम उरला नव्हता. माणसांचे डोळे सरावले होते. पडद्यावर जाहिरात कुठे येणार हे मेंदूला आधीच कळायचं आणि नजर तेवढी जागा सोडून पुढे जायची. नट-नट्या आणून झाल्या, फुकट नाणी वाटून झाली, लाखो चाहते असलेल्या पोरापोरींना गेम खेळायला बसवून झालं. हजार जणांनी जाहिरात पाहिली तर चार जण गेम घ्यायचे आणि आठवड्याने त्यातला एखादाच उरायचा. पण 'हा गेम तुम्हाला कुठे कळला?' असं खेळणाऱ्यांना विचारलं, की निम्म्याहून जास्त लोक एकच उत्तर द्यायचे. कुणीतरी सांगितलं.

हा 'कुणीतरी' कोण, ते निशिकांतने शोधून काढलं.

त्याची युक्ती तशी साधी होती. अंगठा फोनच्या काचेवर किती वेळ टेकला, किती दाबाने टेकला, टेकण्याआधी किती घुटमळला, याची नोंद फोनला करता येते. 'हे बघ' म्हणून कुणाचा निरोप आला, की माणूस तो वाचतो आणि मग उघडायचं की नाही ते ठरवतो. वाचून होणं आणि अंगठा खाली येणं यात सरासरी अडीच सेकंद जातात. तेवढ्यात मेंदू विचारून घेतो, हा मला हे का सांगतोय? यात याचं काय? मला हवंय का हे? निशिकांतने त्याला नाव दिलं 'शंकेचा वेळ'. सहा हजार लोकांच्या परवानगीने त्यांच्या फोनवर त्याने तो वर्षभर मोजला. त्यात दिसलं ते असं, की प्रत्येकाच्या आयुष्यात दोन-तीन, फार तर चार माणसं अशी असतात, की त्यांचा निरोप आला की शंकेचा वेळ शून्यावर येतो. वाचून व्हायच्या आत अंगठा खाली आलेला असतो. आणि ती माणसं बहुतेकदा नवरा किंवा बायको नसत. एखादी मावशी असे, शाळेतला शेजारच्या बाकावरचा सोबती असे, जुनं घर सोडताना मागे राहिलेला शेजारी असे. आपण या माणसाचं इतकं ऐकतो, हे कित्येकांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

कंपनीत या लोकांना 'आतली माणसं' म्हणू लागले.

पुढचं काम कंपनीच्या संगणक यंत्रणेने केलं. आतल्या माणसाचे जुने निरोप वाचून ती हुबेहूब त्याच्या ढंगात लिहायची. कुणी वाक्याच्या शेवटी 'काय' लावतो, कुणी जोडाक्षरं चुकवतो, कुणी आधी तब्येतीची चौकशी करून मग मुद्द्यावर येतो. ती सगळं उचलायची. त्यासाठीही परवानगी घेतलेली असायची. गेम घेताना एका पानावर 'माझी आवड माझ्या वतीने माझ्या माणसांना कळवावी' असं वाक्य होतं आणि पुढे खूण करायला चौकोन. वाक्य निशिकांतनेच लिहिलं होतं. 'माझ्या वतीने' हे शब्द त्याने दुपारभर विचार करून निवडले होते.

या पद्धतीने बाजारात आलेला पहिला गेम होता 'गोधडी'. तो दोघांनी मिळून खेळायचा. पडद्यावर कापडाचे तुकडे येतात. एकाने या टोकाकडून जोडत यायचं, दुसऱ्याने त्या टोकाकडून, आणि मध्ये नक्षी जुळली पाहिजे. एकमेकांशी बोलायला गेममध्येच निरोपांची पेटी होती. चाचणीसाठी कंपनीतल्या लोकांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. निशिकांतनेही चौकोनात खूण केली आणि यंत्रणेने शोध घेतला, हा माणूस कुणाचा आतला माणूस आहे?

एकच नाव आलं. कुंदाताई.

कुंदाताई त्याची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नव्हतं. परतवाड्याच्या आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं शिवणकाम शिकवून ती निवृत्त झाली होती आणि तिथेच दोन खोल्यांत एकटी राहत होती. इंजिनिअर होऊन नोकरीला लागेपर्यंत निशिकांतने विकतचा शर्ट घातला नव्हता, सगळे तिच्या हातचे. तिचा फोन निशिकांतनेच तिला भेट दिला होता, आणि प्रयोगाच्या परवानगीची खूणही त्यानेच तिच्या वतीने करून टाकली होती.

तिला त्याच्या नावाने निरोप गेला. 'ताई ऐक ना, एक गंमत सापडली. तुझ्याशिवाय जमणार नाही. तू त्या टोकाने ये, मी या टोकाने येतो.'

तो वाचून निशिकांतला हसू आलं. त्याने स्वतः लिहिला असता तर असाच लिहिला असता. 'ऐक ना' तर खास त्याचंच. ताईचा शंकेचा वेळ, अर्थातच, शून्य.

संध्याकाळी सूचना आली. 'कुंदाताई आज पस्तीस मिनिटं खेळल्या. तीन निरोप.' दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं. निशिकांतला मनापासून बरं वाटलं. एकटीला वेळ घालवायला काहीतरी मिळालं. आठवडाभराने मात्र रोजच्या त्या सूचनांची कटकट होऊ लागली आणि त्याने त्या बंद केल्या. आपल्या टोकाने यंत्रणाच शिवतेय, हे त्याला माहीत होतं. ताईला सांगून टाकावं, असं एक-दोनदा मनातही आलं. पण सांगितलं की ती खेळायची थांबेल, आणि मग रोज तिच्याशी बोलणार कोण? त्याच्याकडून तर आठवड्याला एक फोन होत नव्हता.

महिन्याभरात आकडे आले. गेम सुचवणाऱ्या माणसाने नंतर चौकशी केली नाही, तर खेळणारा पंधरा दिवसांत गेम सोडतो. बैठकीत निशिकांत म्हणाला, "नुसतं सांगून भागत नाही. आपलं माणूस विचारत राहतं, तसं विचारत राहायला हवं." सगळ्यांना पटलं. यंत्रणा रोज विचारू लागली.

त्या वर्षी बायको मेघना आणि लेक आर्या यांच्या गडबडीत भाऊबीजेला परतवाड्याला जायचं राहून गेलं. फोन मात्र झाले. निशिकांत ते गाडीतून करायचा, नाहीतर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बैठकीला जाता जाता.

"कशी आहेस ताई?"

"आहे. तू जेवलास?"

"हो. आर्याची सहामाही चालू आहे, मेघनाची नुसती धावपळ. एकदा उसंत मिळाली की येतो बघ."

"ये." मग ती थोडी थांबली. "बाकी?"

"बाकी काही नाही. तूच सांग."

"मी काय सांगू? सांगितलंय ना सगळं."

मागच्या वेळी फोनवर झालेलं बोलणं म्हणत असेल, असं त्याला वाटलं. "बरं मग, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढच्या फोनवरही ती 'बाकी?' म्हणून थांबली होती. तेही त्याला नंतरच आठवलं.

फेब्रुवारीत आढाव्याची बैठक झाली. आकड्यांचं काम बघणारी ऋता नावाची हुशार मुलगी पडद्यावर आलेख दाखवत होती.

"सर, ही आपली सगळ्यात टिकलेली जोडी. बासष्ट वर्षांची बाई, अमरावती जिल्हा. आठ महिने झाले. सुरुवातीला भावाच्या बाजूचे टाके आपण अचूक ठेवत होतो, तेव्हा ही अर्धा-पाऊण तास खेळायची. मग यंत्रणेच्या लक्षात आलं, की भावाचा टाका तिरका गेला की ही थांबते, नीट समजावून सांगते आणि दीड-दोन तास बसते. तेव्हापासून आपण रोज एक तरी टाका तिरका घालतो."

खोलीत कौतुकाचं हसू उठलं.

"एवढ्या दिवसांत फक्त इथे खंड आहे," ऋताने नोव्हेंबरच्या शेवटावर बोट ठेवलं. "अकरा दिवस गेम उघडलेलाच नाही. इतका खंड पडला की माणूस परत येत नाही. ही आली. बाराव्या दिवशी आपण लिहिलं, 'ताई ऐक ना, तुझ्याशिवाय माझी बाजू अडलीय.' त्याला हे उत्तर आलं."

पडद्यावर ओळ आली. 'आले रे बुधा. हात अजून वर होत नाही, पण एवढं जमेल.'

निरोपांतली नावं गाळायला चाळणी होती. पण ती यादीतली नावं गाळायची, आणि बुधा हे नाव कुठल्याच यादीत नव्हतं. बुधवारी जन्मला म्हणून निशिकांतला या नावाने हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

"हात का वर होत नाही?" निशिकांतने विचारलं.

"सर?"

"त्या बाईचा हात. का वर होत नाही?"

ऋता गोंधळली. "ते नाही पाहिलं सर. आम्ही खेळाच्या वेळा पाहिल्या."

तो उठून आपल्या खोलीत गेला आणि सहा-सात महिन्यांनी त्याने 'गोधडी' उघडला. पेटीत ताईचे सहाशेच्या वर निरोप पडून होते. सगळे त्यालाच लिहिलेले. त्याने एकही उघडलेला नव्हता.

सुरुवातीचे हसरे होते. 'बुधा, सुई उलटी धरतोस काय रे? टाका बघ कुठे चाललाय.' 'आज आयटीआयवरून गेले. भिंतींना नवा रंग दिलाय. आत नाही गेले, उगाच.' 'इंगोले वहिनींकडे वांग्याची भाजी झाली होती, तुझी आठवण काढून जेवले.'

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने लिहिलं होतं, 'आंघोळ करताना छातीत डावीकडे गाठ लागली हाताला. दुखत नाही. कुणाला बोलले नाही, तुलाच सांगते.'

त्याखाली त्याच्या नावाने उत्तर होतं. 'काळजी करू नको गं ताई. सगळं नीट होणार. तुझी आठवण आली की मी आपली गोधडी उघडतो. आज जांभळा तुकडा लावलाय, बघून सांग ना.'

दहा दिवसांनी तिचा निरोप होता. 'अमरावतीला दाखवून आले. तपासायला पाठवलंय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरचं कुणी सोबत आणा. तुला सुट्टी मिळेल का रे?'

'ताई तू खंबीर आहेस. मी आहे ना रोज तुझ्यासोबत. चल, आज मधली नक्षी पुरी करू.'

नंतर दोन दिवस ती खेळली होती, पण लिहिलं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकच ओळ होती. 'बरं. समजलं. जांभळ्याच्या शेजारी पिवळा लाव.'

निशिकांतने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याला यंत्रणेला घालून दिलेला एक नियमही आठवला. खेळणाऱ्याने आजारपणाचा विषय काढला तर सल्ला देऊ नये, धीर द्यावा आणि हलकेच खेळाकडे वळवावं. कायद्याची अडचण नको म्हणून केलेला नियम. त्याखाली मंजुरीची सही त्याचीच होती.

तो कुणाला काही न सांगता खाली आला आणि गाडी काढून थेट परतवाड्याला निघाला.

पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. ताई अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसली होती. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला, त्याखाली केस नव्हते. मनगटं एवढीशी झाली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, बुधा! आज कसा काय? कामाचा दिवस ना?"

तो तिच्या समोर पायरीवरच बसला. तो तिच्या मनगटांकडेच बघत राहिला. तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उजवा हात.

"एवढं काय झालं रे? होऊन गेलं आता सगळं. चार सलाइनं झाली, दोनच उरलीत. इंगोले वहिनी होत्या ना सोबत."

"ताई, मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"काहीच. तू लिहिलंस ते मी वाचलंच नाही. आज दुपारी वाचलं."

"असं कसं? उत्तरं तर दिलीस."

मग त्याने सांगितलं. अंगठा, शंकेचा वेळ, आतली माणसं, यंत्रणा, सगळं. सांगताना त्याला स्वतःचंच बोलणं कुणा तिसऱ्याचं वाटत होतं. ताई त्याच्याकडे बघत ऐकत राहिली. वर्गातल्या मुलीने वाया घालवलेलं कापड ती अशीच मुकाट्याने उलटसुलट करून बघायची.

"पहिल्या दिवसापासून?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"'तुझ्याशिवाय जमणार नाही' म्हणालास, तेही?"

"तेही."

"आणि तुझे टाके तिरके जायचे ते?"

"मुद्दाम."

"मुद्दाम कशाला?"

"तू जास्त वेळ बसावीस म्हणून."

ताईने रुमाल कपाळावर जरा पुढे ओढला. समोरच्या रस्त्याने शाळा सुटलेल्या मुली सायकली हातात धरून गप्पा मारत चालल्या होत्या. त्या वळेपर्यंत ती बघत राहिली.

"मला वाटायचं, तुला भीती वाटते," ती म्हणाली. "आईच्या वेळीही तू दवाखान्याच्या बाहेरच उभा राहायचास. आत यायचा नाहीस. म्हटलं, पहिल्यापासून असाच आहे हा. येत नाही, पण रोज विचारतो तरी. तेवढ्यावर मी ऑपरेशन निभावलं. आत नेताना त्यांनी फोन काढून घेतला, तोवर मी तुझंच वाचत होते."

"कळलं असतं तर मी आलो असतो, ताई."

"आला असतास," ती लगेच म्हणाली. "त्यात मला शंका नाही." मग थोड्या वेळाने, "पण ते यंत्र माझ्याशी बोलतंय, हे तर तुला माहीत होतं ना?"

"हो."

"आठ महिने?"

"हो."

"मग मी त्याच्याशी काय बोलत असेन, असं तुला वाटत होतं?"

 

ताई उठून आत गेली. चहा टाकल्याचा आवाज आला. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोनही होता. तो त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "हे काढून टाक. आणि माझं लिहिलेलं कुठे साठत असेल, तिथूनही काढ."

"मला ते राहू दे, ताई."

"तुलाच लिहिलं होतं. पण त्या-त्या दिवशी वाचायला लिहिलं होतं."

त्याने तिच्यासमोर बसून सगळं पुसलं. सहाशे निरोप जायला चार-पाच सेकंद लागले.

कंपनीने निशिकांतचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्याची आणि ताईची जोडी यंत्रणेतून काढली. नियमात दुरुस्ती झाली, गंभीर आजाराचा उल्लेख आला तर खऱ्या माणसाला तातडीची सूचना जाईल. ती सूचना बंद करायची सोयही ठेवली, कारण लोकांना सूचनांचा त्रास होतो. यंत्रणाच थांबवा, असा निशिकांतने आग्रह धरला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला शांतपणे सांगितलं, की आता ही पद्धत आणखी अकरा कंपन्या वापरतात, आपण थांबून काय होणार? एप्रिलमध्ये त्याने नोकरी सोडली. त्याच्या जागी ऋता आली. त्याच्या जाण्याने कुणाचं काही अडलं नाही.

आता तो दर पंधरा दिवसांनी परतवाड्याला जातो. ताई त्याच्यावर रागावलेली नाही. त्याच्यासाठी भाकरी टाकते, आर्याची चौकशी करते, त्याच्या शर्टाचं निघालेलं बटण लावून देते. तिचे केस परत आलेत, आखूड आणि पांढरे. तब्येतीचं विचारलं की ती "चांगली आहे" म्हणते आणि विषय बदलते. तपासणीला घेऊन जातो म्हटलं, तर "बघू, तारीख आली की सांगते," म्हणते. तारखा येतात आणि जातात.

जूनमध्ये एकदा तो निघता निघता फाटकाशी इंगोले वहिनी भेटल्या. "आता काळजी नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "मंगळवारी मीच गेली होती ताईसंग अमरावतीले. सगळं साफ निघालं म्हणे डॉक्टर. तुमाले नाही सांगितलं काय त्यायनं?"

निशिकांतने मागे वळून पाहिलं. ताई ओसरीवर उभी होती, नेहमीसारखी, तो वळणापर्यंत जाईस्तोवर थांबायचं म्हणून.

"सांगितलं असेल," तो म्हणाला. "माझ्याच लक्षात राहिलं नसेल."